आई-बाबा जपानला येतील तेव्हा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

आई-बाबा तुझ्याकडे येणार हे वाचून फार बरं वाटलं. तू आखलेला पंधरा दिवसांचा कार्यक्रमही पाहिला. तोक्यो, हाकोने, क्योतो, हिरोशिमा, पुन्हा तोक्यो. त्यातली निम्मी गावं आजच खोडून टाक. तारीखही पुढे ढकल. २९ एप्रिल ते ५ मे म्हणजे गोल्डन वीक, तेव्हा सगळा जपान प्रवासाला निघालेला असतो आणि हॉटेलं महागतात. मेच्या मध्यावर बोलाव. जूनमध्ये पाऊस सुरू होतो.

मी नारा प्रांतातल्या एका लहान गावात, तुझ्यासारखीच असिस्टंट लँग्वेज टीचर होते, तेव्हा माझे आई-बाबा आले होते. चार दिवस मी त्यांना भरपूर फिरवलं. पाचव्या दिवशी माझी शाळा सुरू झाली. संध्याकाळी घरी येऊन बघते तर दोघं सकाळी होती तिथेच बसलेली. पाट्या वाचता येत नाहीत, चुकलो तर विचारायचं कोणाला, म्हणून बाबा जिना उतरलेच नव्हते. जन्मभर एसटीत नोकरी केलेला, अख्खा महाराष्ट्र तोंडपाठ असलेला माणूस. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी लवकर उठून दोघांना चालत तीन ठिकाणी नेलं. सुपरमार्केट, नदीकाठचा रस्ता आणि कचरा ठेवायची जागा. खिशात जपानीत लिहिलेला घरचा पत्ता दिला आणि कचऱ्याचं काम बाबांवर सोपवलं. जळणारा कचरा कुठल्या वारी, प्लास्टिक कुठल्या वारी, बाटल्या कधी, याचं नगरपालिकेचं चित्रांचं वेळापत्रक माझ्या फ्रिजवर होतंच. बाबांनी त्यावर मराठीत वार लिहिले. आठवडाभरात शेजारच्या आजोबांशी त्यांची ओळख झाली. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती, पण रोज सकाळी कचऱ्याच्या जाळीपाशी दोघं वाकून नमस्कार करायचे. बाबा गेल्यावर आजोबांनी मला दोनदा विचारलं, बाबा कसे आहेत. म्हणून सांगते, त्यांना पाहुण्यासारखं बसवून ठेवू नकोस, काहीतरी काम दे.

आता शाळेबद्दल. आई-बाबांना वर्गात न्यायचं असेल तर क्योतो-सेन्सेईंना, म्हणजे उपमुख्याध्यापकांना, महिनाभर आधी विचार. स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवता येईल असा, सुटा सुटा बांधलेला खाऊ आईला आणायला सांग.

आणि हे जरा मनाशी धर. मला आईच्या इंग्रजीची लाज वाटत होती. मी इंग्रजीची शिक्षिका आणि आई सातवी शिकलेली. वर्गात तिच्या आधी मीच बोलत होते, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मीच नीट करून देत होते. मग एका मुलीनं थेट तिलाच विचारलं, घरी कोण कोण आहे? आई म्हणाली, "वन डॉटर, वन सन, टू काऊ." वर्ग हसला, आईही हसली, आणि वर्षभर माझ्यापुढे तोंड न उघडलेली मुलं गाईंची नावं विचारू लागली. चुकीचं बोललं तरी चालतं हे मी वर्षभर सांगत होते, पण माझं बोलणं बिनचूक असल्यामुळे त्यांना ते पटत नव्हतं. तू मध्ये पडू नकोस. मागच्या बाकावर जाऊन बस.

जेवणाची काळजी मात्र तूच घे. तुझे आई-बाबा शाकाहारी आहेत, आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचा कीस, मिसो सूपमध्ये असतो, उदोन नूडल्सच्या रश्शात असतो, कित्येकदा शिजवलेल्या भाजीतही असतो. घरी वरणभात होऊ दे, तिथला तांदूळ त्याला छान लागतो. बाहेर जायचं तर त्यांना कोयासानला, म्हणजे डोंगरावरच्या बौद्ध देवळांच्या गावाला, ने. ओसाकातल्या नाम्बाहून नानकाई रेल्वेनं गोकुराकुबाशीपर्यंत आणि पुढे केबल कारनं वर जायचं. तिथे देवळातच मुक्काम करता येतो. जेवण शोजिन-र्‍योरी, त्यात मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. सकाळी ओकुनोइन या तिथल्या दफनभूमीच्या थडग्यांमधून हिंड. पाच दगड एकावर एक रचलेले दिसतील, पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत अ, व, र, ह, ख अशी अक्षरं कोरलेली असतात. माझे बाबा एका दगडापुढे कितीतरी वेळ उभे होते. त्या दिवशी त्यांना कुठलाच फोटो काढायचा नव्हता.

रेल्वेचा सात दिवसांचा देशभराचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनचा झाला. गावं कमी केलीस तर त्याची गरजच पडणार नाही.

आई आंबे आणीन म्हणेल, कढीपत्ताही बांधून घेईल. दोन्हीला स्पष्ट नाही म्हण, वनस्पती-तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावरच काढून घेतात. व्हिसासाठी तुझं निमंत्रणपत्र आणि राहण्याचं दिवसवार वेळापत्रक लागेल, ते या आठवड्यात लिहून टाक. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्याच घ्यायला सांग, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्यायला सांग, कंपनीचं नाव तिथल्या डॉक्टरांना कळणार नाही.

तुझी,
बाई