नील बेटावर काय पाहावे? आधी ओहोटीची वेळ पाहावी

आपण विचारले आहे की, अंदमानातील हॅवलॉक बेटावरून परतताना आई-वडील आणि नऊ वर्षांच्या मुलीसह नील बेटावर अर्धा दिवस थांबून 'तीन किनारे' दाखवण्याची एजंटची योजना स्वीकारावी का. माझे स्पष्ट मत असे आहे की ती स्वीकारू नये, आणि तिथे निदान एक रात्र मुक्काम करावा. कारण नीलवर काय दिसेल हे यादीवर नव्हे, तर समुद्राच्या पाण्यावर ठरते. भरतपूरचा किनारा भरतीला पाहायचा असतो, लक्ष्मणपूरचा दुसरा किनारा ओहोटीला, आणि या दोन्ही वेळा एजंटच्या अर्ध्या दिवसात बसतीलच असे नाही.

अंदमानात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि तिची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, त्यामुळे ओहोटीला पाणी किनाऱ्यापासून खूप लांब हटते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे (म्हणजे कमी भरती-ओहोटीचे) दिवस असल्याने पाणी फारसे हटत नाही. हे आपल्या कोकणासारखेच आहे, मात्र कोकणातला तिथीवरून घड्याळाची वेळ काढण्याचा हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नये. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांत पोर्ट ब्लेअरच्या वेळा असतात. त्या पाहाव्यात आणि पोहोचल्यावर मुक्कामाच्या ठिकाणी पुन्हा विचारून घ्याव्यात. तारखा अजून ठरल्या नसतील तर अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपासच्या निवडाव्यात.

ओहोटीचा मुख्य कार्यक्रम म्हणजे लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरील खडकाची नैसर्गिक कमान. स्थानिक लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. बेटावरची बरीच कुटुंबे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची आहेत, हे लक्षात घेतले की या नावाचे नवल वाटत नाही. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी तिथे पोहोचावे आणि पाणी चढू लागताच परतावे. कमानीपेक्षाही मला तिच्या वाटेवरची, कातळाच्या खळग्यांत साचलेली डबकी मोलाची वाटतात. एखाद्या डबक्याशी पाच मिनिटे नुसते बसून राहिले की, आधी रिकामे भासलेले पाणी भरलेले दिसू लागते: काळी समुद्रकाकडी (काकडीसारखा लांबट, मऊ समुद्री जीव), कपारीतला खेकडा, इवले मासे. प्रवाळात रुतलेला मोठा शिंपला दिसला तर मुलीला जरा लांबूनच दाखवावा. त्याच्या उघड्या कडेवरची निळी-जांभळी मांसल झालर सावली पडताच आत ओढली जाते, आणि सावली हटल्यावर काही वेळाने पुन्हा हळूहळू बाहेर येते.

माहीतगार वाटाड्या अवश्य घ्यावा, पण त्याने दाखवण्यासाठी कोणताही जीव पाण्याबाहेर काढू नये, असे त्याला आधीच नम्रपणे सांगावे. जिवंत प्रवाळावर पाय ठेवू नये. प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलून आणू नये, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे आणि विमानतळावर सामानाची तपासणी होते. वाट खडबडीत आणि शेवाळामुळे निसरडी असते, म्हणून मागे पट्टा आणि चांगली पकड असलेल्या सँडल घालाव्यात. आई-वडिलांपैकी कोणाला गुडघ्याचा त्रास असेल, तर त्यांनी कमानीपर्यंत येण्याचा आग्रह न धरता अलीकडच्या वाळूवर बसावे.

भरतपूर धक्क्याला लागूनच आहे. पाणी भरलेले असताना काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहणे ज्येष्ठांनाही सहज जमते. मुलीला लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पाण्याखाली पाहणे) करता येईल. पाणी उतरल्यावर मात्र तिथला उथळ भाग उघडा पडतो आणि प्रवाळाला इजा न करता पोहणे अवघड होते.

सूर्योदयासाठी पूर्वेकडील सीतापूर आणि सूर्यास्तासाठी लक्ष्मणपूरचा पहिला किनारा. बेट इतक्या पूर्वेला असूनही घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच असल्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चार वाजता किनाऱ्यावर असावे. बेट लहान आणि बव्हंशी सपाट असल्याने आपण व मुलगी सायकलने फिरू शकाल. आई-वडिलांसाठी रिक्षा ठरवावी. वाटेत भाताची आणि भाजीपाल्याची शेते लागतात, आणि अंदमानच्या बाजारांत येणारी बरीचशी भाजी इथलीच असते. नील केंद्र या गावाच्या बाजारातल्या एखाद्या साध्या खानावळीत बंगाली पद्धतीचा मासळी-भात जरूर घ्यावा.

डिसेंबर 2018 मध्ये नीलचे नाव शहीद द्वीप आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले, तर सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम. आरक्षण करताना जुनी-नवी दोन्ही नावे दिसतील, त्यामुळे गोंधळू नये. मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबून न राहता रोख रक्कम जवळ ठेवावी. शेवटची आणि महत्त्वाची सूचना अशी की, हवामान बिघडल्यास बोटी रद्द होतात, म्हणून नीलहून थेट विमानतळ गाठण्याचा बेत करू नये. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच असावा, आणि त्यासाठी एक दिवस कमी करावा लागला तर तो हॅवलॉकमधून करावा, नीलमधून नव्हे.