लैंगिक अत्याचाराच्या वेळी ती ओरडली नाही, दुसऱ्या दिवशी कामावरही गेली. मग आता चार महिन्यांनी हा त्रास कसा, हा तुमचा प्रश्न.

तुमची मामेबहीण रात्रभर जागी असते, दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासते आणि घरातले म्हणतात की नाटक करते, असं तुम्ही लिहिलंय. नाटक नाही हो. मी समुपदेशक आहे, अशा मुली आणि बायका माझ्याकडे येतात.

भीती टोकाला गेली की अंग थिजतं. हात उचलत नाही, तोंडातून आवाज फुटत नाही. हे कोणी ठरवून करत नाही. आठवणीही तुटक राहतात: पंख्याची घरघर आठवते, पण आधी काय आणि नंतर काय, ते सांगता येत नाही. मग लोक म्हणतात, जबाब बदलते.

दुसऱ्या दिवशी कामावर जाणंही नेहमीचंच. 1974 साली बर्जेस आणि होल्मस्ट्रॉम या दोघी संशोधकांनी अमेरिकेत बॉस्टनच्या रुग्णालयात बलात्कारानंतर आलेल्या बायकांवर अभ्यास प्रसिद्ध केला. काही रडत, थरथरत होत्या. बऱ्याच जणी मात्र अगदी शांत दिसत होत्या.

त्रास कधी आणि कशाने उसळेल याचा नेम नसतो. एका बाईला नवरा दाढी करायला बसला की मळमळायचं. दोघांनाही कारण कळेना. बऱ्याच भेटींनंतर तिच्या लक्षात आलं, अत्याचार करणाऱ्या माणसाच्या अंगाला दाढीच्या त्याच क्रीमचा वास होता.

‘ओरडली का नाही’ या प्रश्नाने आपल्याकडे फार नुकसान केलंय. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, हेही एक कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. त्या मथुरा खटल्यावरून देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. आता तर प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

तिला ‘का’ने सुरू होणारा एकही प्रश्न विचारू नका. ‘तू सांगतेस ते मला पटतं’ एवढं म्हणा, आणि रात्री कोणी सोबत झोपायला हवं का ते विचारा. आघातावरचे उपचार आहेत आणि त्यांनी फरक पडतो. 14416 वर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, चोवीस तास मराठीतही बोलता येतं. जीव द्यायची भाषा केली तर तिला एकटं ठेवू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. तक्रारीचा निर्णय तिचा तिला घेऊ द्या. आज नको म्हणाली तरी बलात्काराची तक्रार पुढे कधीही देता येते.