मुलगी ६२ किलोची आहे, कोच ६० मध्ये खेळवा म्हणतात. बॉक्सिंगमध्ये पुढे आंतरराष्ट्रीय करिअर होईल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सोळाची, अकरावी सायन्स, वजन ६२ ते ६३. विभागीय शालेय स्पर्धेत सुवर्ण, राज्याला दुसऱ्या बाउटमध्ये, म्हणजे लढतीत, हरली. कोच म्हणतात ६० मध्ये आणा, तिथे राज्यात मुली कमी आहेत, मेडल पक्कं, मग नॅशनल, मग इंडिया. आणि तुम्हाला धास्ती ही, की या नादात बारावीचं वाटोळं तर होणार नाही?

करिअर होतं का, याचं उत्तर लांब आहे. ६० मध्ये आणू का, याचं एका शब्दात देतो: नको. निदान आत्ता तरी नको. आणि या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं बरंचसं उत्तर दडलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी नागपूरचा. राज्याची दोन पदकं आणि एक नॅशनल एवढीच माझी कमाई. आता नोकरी दुसरीच करतो, संध्याकाळी पोरापोरींना पॅड धरतो. ती एक नॅशनल २००६ ची. माझं वजन तेव्हा साडेसाठ, आणि मला उतरवलं ५७ मध्ये, कारण ६० मध्ये आमच्याच राज्याचा दुसरा तगडा पोरगा होता. चार दिवस जेवण जवळजवळ बंद, अंगात प्लास्टिकचा सूट, वर स्वेटर, आणि मे महिन्यातलं ग्राउंड. काट्यावर ५६.९ भरलं तेव्हा मला जग जिंकल्यासारखं वाटलं. दुपारी रिंगमध्ये पहिली फेरी बरी गेली, दुसऱ्या फेरीत पाय माझे राहिलेच नाहीत. समोरच्याने मला फार मारलं असंही नाही, मीच रिकामा होऊन आलो होतो.

लोक टीव्हीवर प्रोफेशनल बॉक्सिंग बघतात आणि त्यांना वाटतं वजन तोडणं हा खेळाचाच भाग आहे. तिथे वजन आदल्या दिवशी होतं, मग रात्रभर खाऊनपिऊन माणूस पुन्हा उभा राहतो. हौशी बॉक्सिंगमध्ये ज्या दिवशी बाउट त्याच दिवशी सकाळी वजन. पुढचा बाउट असेल त्या सकाळी परत वजन. मोठ्या स्पर्धेत फायनलपर्यंत जायचं तर आठदहा दिवसांत चारपाच वेळा काट्यावर उभं राहावं लागतं, आणि दर वेळी काही तासांनी तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. तोडलेलं वजन एका दिवसापुरतं लपवता येतं, आठवडाभर नाही. विनेशचे ते १०० ग्रॅम पॅरिसला आपण सगळ्यांनी बघितले. कुस्ती असली तरी गोष्ट तीच.

आता आंतरराष्ट्रीय करिअरकडे येतो. तुम्ही अल्फिया पठाणचं नाव लिहिलंय, तर तिचंच घेऊ, कारण ती आमच्या मानकापूरच्या क्रीडा संकुलातली. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किल्त्से इथे युवा जागतिक स्पर्धा झाली. भारताच्या मुलींनी तिथे सात सुवर्णं आणली, त्यातलं ८१ किलोवरच्या गटातलं अल्फियाचं. फायनल ५-०. पुढच्याच वर्षी, म्हणजे सीनियरमध्ये जेमतेम पाऊल टाकल्यावर, तिने कझाकस्तानात एलोर्डा कपच्या फायनलमध्ये लज्जत कुंगेइबायेवाला हरवलं. ही लज्जत २०१६ ची जगज्जेती, आणि तीही तिच्या स्वतःच्या देशात. नोव्हेंबर २०२२ मध्ये अम्मानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पुन्हा सुवर्ण.

यावर कोणीही म्हणेल की आता ऑलिंपिक. पण ऑलिंपिकमध्ये तिचा गटच नाही. पॅरिसला महिलांचे सहा गट होते, ५०, ५४, ५७, ६०, ६६ आणि ७५. पंचाहत्तरच्या वर काहीच नाही. आशियाई खेळांतही तेच. म्हणजे त्या वजनाच्या मुलीसाठी जागतिक आणि आशियाई अजिंक्यपद हीच शेवटची पायरी. आणि तिथेही देशातून एका गटात एकच मुलगी जाते. अम्माननंतर चार महिन्यांनी दिल्लीत जागतिक स्पर्धा होती, घरच्या मैदानावर. ८१ वरच्या गटात भारताकडून उतरली नुपूर श्योराण. जुने नामवंत बॉक्सर हवासिंग यांची नात, तिच्याही हातात जोर आहे, नंतर २०२५ ला लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत तिने रौप्य घेतलं. नुपूरचं नाव कमी करण्यासाठी हे सांगत नाही. आशियाई विजेती असूनही घरी बसावं लागतं, हे तुम्हाला आधीच ठाऊक असावं म्हणून सांगतो.

पुण्याची देविका घोरपडे घ्या. २०२२ मध्ये स्पेनच्या ला नुसियाला युवा जगज्जेती, ५२ किलो. आता वरची यादी परत बघा, ५० आहे, ५४ आहे, ५२ नाही. आमच्या राज्याच्या दोन युवा जगज्जेत्या, एक यादीच्या वर आणि एक दोन गटांच्या मधोमध. योगायोगच म्हणायचा, पण मला तो फार लागतो.

हे फक्त आपल्या राज्यातल्या मुलींचं नाही. निखत झरीन २०२२ ला इस्तंबूलमध्ये ५२ मध्ये जगज्जेती झाली, मग ऑलिंपिकसाठी ५० वर उतरली आणि २०२३ ला तिथेही जिंकली. तिला ते जमलं, पण पॅरिसला दुसऱ्याच बाउटमध्ये चीनची वू यू समोर आली आणि संपलं. नीतू घंघास ४८ ची जगज्जेती, पॅरिसला ४८ नव्हताच, नीतूही नव्हती. लवलीनाचं टोकियोतलं कांस्य ६९ चं, तो गट पॅरिसला काढला, ती ७५ वर चढली आणि २०२३ ला त्यात जगज्जेती झाली. वर चढणाऱ्या मुली निदान जेवून खेळतात, असं माझं एक साधं निरीक्षण आहे.

२०२५ पासून गट परत बदललेत. जुन्या जागतिक संघटनेची मान्यता ऑलिंपिक समितीने काढली, आता वर्ल्ड बॉक्सिंग नावाची नवी संघटना आहे आणि लॉस एंजेलिस २०२८ मध्ये बॉक्सिंग तिच्याकडे आहे. महिलांचे दहा गट झाले: ४८, ५१, ५४, ५७, ६०, ६५, ७०, ७५, ८० आणि ८० वर. ऑलिंपिकला यातले सात, आणि सगळ्यात वरचा परत ७५ च.

म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत चांगली बातमी आहे. तिच्या खालचा ६० आणि वरचा ६५, दोन्ही ऑलिंपिकचे. ती अजून वाढतेय. आज ६२-६३, उंची तुम्ही ५ फूट ७ लिहिलीय, वर्षभरात नीट खाऊनपिऊन व्यायाम केला तर ६४-६५ ची सहज होईल. त्या शरीराला आत्ता उपाशी ठेवून ६० वर आणायचं म्हणजे उगवत्या ऊसाचा शेंडा मोडायचा. एक राज्याचं मेडल येईलही. पण १७-१८ च्या गटात, जिथे खऱ्या अर्थाने इंडियाची निवड सुरू होते, तिथे ती थकलेली ६० म्हणून पोचेल, ताजी ६५ म्हणून नाही. कोचना हे शांतपणे विचारा: "सर, दोन वर्षांनी ही कोणत्या गटात असेल?" ज्याच्याकडे याचं उत्तर आहे तो कोच चांगला. चिडले, तर तेही एक उत्तरच.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. वजनाच्या आदल्या दिवशी कोणी "पाण्याची गोळी" दिली, लघवी होऊन दीडदोन किलो उतरतात म्हणून, तर घेऊ देऊ नका. ही औषधं उत्तेजकविरोधी यादीत आहेत, स्पर्धा असो वा नसो, कायम मनाई. किडनीचं नुकसान वेगळंच. आमच्या वेळी या गोळ्या चणेफुटाण्यासारख्या वाटल्या जायच्या आणि कोणाला काही वाटायचं नाही.

मुलगी वरच्या पातळीवर पोचली की याच विषयातलं अजून एक झेंगट मागे लागतं, ठावठिकाण्याचं. टेस्टिंगच्या यादीत नाव आलं की रोज कुठे झोपणार, कोणत्या तासाला कुठे सापडणार, हे आधी कळवावं लागतं. वर्षात तीनदा चुकलं की बंदी, अंगात काही सापडलं नाही तरी. परवीन हुडाचं हेच झालं. हांगझोच्या आशियाई खेळांत तिने ५७ चा ऑलिंपिक कोटा, म्हणजे त्या गटातली देशाची जागा, मिळवला होता, तो देशाच्या हातून गेला. मग जास्मिन लंबोरिया ६० वरून ५७ वर आली आणि तिने तो कोटा पुन्हा जिंकून आणला. आज दोघींची अदलाबदल झाली आहे: जास्मिन ५७ ची जगज्जेती, परवीन बंदी भोगून ६० मध्ये परत. एका मुलीने ॲपवर पत्ता वेळेत टाकला नाही म्हणून दोघींची आयुष्यं इकडची तिकडे झाली.

पैशांचं थोडक्यात. खेलो इंडियात निवड झाली तर हातखर्चाला महिना १०,००० मिळतात. ऑलिंपिकच्या टॉप्स योजनेत डेव्हलपमेंट गटात २५,०००, मुख्य गटात ५०,०००. त्याच्या अलीकडे सगळं घरचं: बूट, गमशील्ड, ग्लोव्हज, अंडी, चिकन, रेल्वेची तिकिटं. बहुतेक बॉक्सरांचं खरं करिअर म्हणजे सेना, रेल्वे किंवा पोलिसातली खेळाडू कोट्यातली नोकरी, आणि त्यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून होते आणि कोणती स्पर्धा धरायची याचे नियम ठरलेले आहेत. माझ्याकडचा एक मुलगा कुठल्यातरी "ऑल इंडिया" नावाच्या स्पर्धेचं सुवर्ण घेऊन नाचत आला होता, पडताळणीत ते कागदाच्याही किमतीचं निघालं नाही. प्रत्येक स्पर्धेआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा की ही मान्यताप्राप्त आहे का. दोन मिनिटांचं काम आहे.

बारावी. सोडू नका, पण सायन्सचा हट्ट असलाच तर तो कोणाचा आहे, तुमचा की तिचा, हे घरात एकदा बोलून घ्या. नॅशनल कॅम्प लागला तर महिनोन्‌महिने रोहतकला किंवा दिल्लीला राहावं लागतं, प्रॅक्टिकल बुडतात. माझ्याकडच्या एका मुलीने अकरावीतच आर्ट्स घेतलं, दुसरीने सायन्सच ठेवलं आणि दोन स्पर्धा सोडल्या. दोघींचंही ठीक चाललंय. अरुंधती चौधरीचं नाव ऐकलं असेल, राजस्थानातल्या कोटा शहराची, अल्फियाबरोबरच किल्त्सेला जिंकलेली. ती आधी बास्केटबॉल खेळायची, म्हणजे उशिरा येऊनही जमतं. पॅरिससाठी ६६ मध्ये तिने धडपड केली, झालं नाही. नोव्हेंबर २०२५ ला ग्रेटर नोएडात वर्ल्ड कप फायनलमध्ये तिने ७० चं सुवर्ण घेतलं. सात सुवर्णांतल्या मुलींना युवा ते सीनियर हा टप्पा गाठायला इतकी वर्षं लागतात. तुमची अठराव्या वर्षी इंडियात नसली तर घाबरून जाऊ नका.

या महिन्यात करण्यासारखं एवढंच: रोज सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी तिचं वजन एका वहीत लिहायला लावा, पाळीच्या तारखाही त्याच वहीत. पाळी चुकायला लागली तर समजा वजन चुकीच्या दिशेने चाललंय आणि डॉक्टरकडे न्या. पुढच्या वेळी कोचशी बोलायला जाल तेव्हा ती वही घेऊन जा.

आणि पासपोर्ट काढून ठेवा. दहावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर नाव, जन्मतारीख अगदी सारखी आहे का, ते आधी बघा, कारण वयोगट जन्मवर्षावरून ठरतो आणि एका अक्षराच्या फरकावरून कागद परत येतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीची पहिली परदेशवारी फक्त यापायी हुकली. निवड झाली होती, वजन बरोबर होतं, सगळं बरोबर होतं, पासपोर्ट तेवढा अकोल्याच्या पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये अडकला होता.