मोठ्या कंपनीच्या नावासारखं डोमेन आधीच घेऊन ठेवलंय, विकलं तर काही प्रॉब्लेम येईल का?

हो, येऊ शकतो, आणि कंपनीला तुम्ही स्वतःहून रेट सांगितलात तर जास्तच. आमच्या सांगलीत विश्रामबागला माझ्या मित्राने हेच केलेलं, एका नावाजलेल्या मसाला कंपनीच्या नावापुढे 'ऑनलाइन' जोडून ८०० रुपयांत डोमेन घेतलं आणि कंपनीला मेल टाकला की ५० हजार द्या, लगेच ट्रान्सफर करतो. उत्तरात वकिलाची नोटीस आली आणि सोबत त्याच्याच मेलची प्रिंट, ५० हजारवर पिवळा मार्कर मारलेला.

कारण असं की डॉट कॉमला यूडीआरपी, म्हणजे डोमेनचे वाद सोडवायचं आंतरराष्ट्रीय धोरण, लागू होतं, १९९९ पासून, आणि ट्रेडमार्कवाल्याला खर्चापेक्षा जास्त पैशाला विकायच्या मुख्य हेतूने नाव घेणं हा त्यात सरळ वाईट हेतूचा पुरावा धरतात. केस हरलात तर डोमेन फुकट जातं. डॉट इनला तसंच भारताचं धोरण आहे, आयएनडीआरपी. आणि 'आपल्याकडे सायबरस्क्वॉटिंगचा (दुसऱ्याच्या नावाचं डोमेन अडवून ठेवण्याचा) वेगळा कायदाच नाही' म्हणून निवांत बसू नका हं, सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये २००४ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं, म्हणजे कोर्टात नुकसानभरपाईसुद्धा मागता येते.

हळद, बेदाणा असले साधे शब्द असतील तर गोष्ट बरीच वेगळी, पण तिथंही पार्किंग पेजवर (साइट बनवलेली नसताना डोमेनवर दिसतं ते पान) त्याच नावाच्या कंपनीच्या धंद्याच्या जाहिराती लावल्या तर अडकाल. विकायच्या आधी आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क नोंदणीच्या, साइटवर नाव शोधा, फुकट आहे. आणि कंपनीला मेल केला नसेल तर प्लीज करू नका, आधी वकिलाला दाखवा.