लेबलवरचे ४ मिलिमीटर कुणासाठी?

प्रश्न : घरच्या छोट्या सीएनसी राउटरला (संगणकाच्या हुकमावर कापणारं-कोरणारं यंत्र) मी एलजे१२ए३-४-झेड/बीएक्स हे प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे धातू जवळ आला की न शिवता ओळखणारे, बसवले आहेत. लेबलवर अंतर ४ मिमी लिहिलंय, म्हणून गँट्रीच्या (टूल वाहून नेणाऱ्या सरकत्या पुलाच्या) ॲल्युमिनियम प्लेटपासून ३ मिमीवर थांबेल असं धरलं. होमिंगला, म्हणजे मशीन आपली सुरुवातीची जागा शोधताना, प्लेट सरळ येऊन सेन्सरवर आदळली. झेडच्या (वर-खाली जाणाऱ्या अक्षाच्या) सेन्सरचा दिवा तर समोर काही नसतानाही पेटलेलाच असतो. दोन्ही बदलून घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : बदलू नका. दोन्ही सेन्सर चांगले असणार. ते ४ मिमी माइल्ड स्टीलसाठी आहेत. हे लेबलवर लिहिलेलं नसतं, आणि नवा माणूस तिथेच फसतो.

ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही म्हणून सेन्सरला दिसत नाही, असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे. सेन्सरच्या तोंडाशी एक कॉइल असते आणि तिचं चुंबकीय क्षेत्र फार वेगाने उलटसुलट होत असतं. समोर धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि कॉइलची ऊर्जा खातात. पुरेशी खाल्ली गेली की आउटपुट बदलतं. लोखंडात हे प्रवाह पृष्ठभागाच्या पातळ थरात कोंडतात, विरोधही जास्त, म्हणून ऊर्जा भरपूर जिरते. ॲल्युमिनियममधून वीज सहज वाहते, त्यामुळे जिरते कमी. साधारण ०.४ पट धरा, म्हणजे तुमच्या ४ मिमीचे १.६ मिमी उरले. तुम्ही ३ मिमीची अपेक्षा ठेवली होती. तांब्याचं याहून कमी भरतं.

भोसरीला मेंटेनन्समध्ये असताना मीही हेच भोगलंय. वजन कमी करायला एका फिक्स्चरचा लोखंडी डॉग, म्हणजे सेन्सरसमोर येणारा तुकडा, काढून ॲल्युमिनियमचा लावला होता. ते माझ्या लक्षात आलं नाही आणि मी दोन चांगले सेन्सर खराब समजून काढून टाकले. म्हणून आता आधी बोल्ट घेतो. तुम्हीही एम८चा साधा लोखंडी बोल्ट घ्या, १३ नंबरच्या पान्याचा. त्याचं डोकं सेन्सरच्या तोंडासमोर हळूहळू न्या. तीन-साडेतीन मिमीवर दिवा लागला तर सेन्सर ठीक आहे.

आता कायमचा उपाय. गँट्रीवर २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड एम.एस. (माइल्ड स्टील) पट्टी स्क्रूने बसवा. पट्टी एसएसची (स्टेनलेस स्टीलची) नको, तिच्यावर अंतर पुन्हा घटतं. सेन्सर आडवा फिरवा, म्हणजे पट्टी तोंडावर चाल करून न येता त्याच्यासमोरून सरकत जाईल. मग एखाद्या वेळी सिग्नल चुकला तरी सेन्सर फुटणार नाही. पट्टी इतकी लांब ठेवा की गँट्री शेवटच्या टोकाला टेकेपर्यंत सेन्सर झाकलेला राहील. मधली फट २ मिमी, फिलर गेज (ठरावीक जाडीची पाती) लावून. नजरेने नको.

झेडचा दिवा सतत लागतो याचं कारण बहुधा ब्रॅकेट आहे. तुमच्या सेन्सरला पुढे प्लॅस्टिकचं नाक आहे, म्हणजे तो बाजूलाही पाहतो. ते नाक ॲल्युमिनियमच्या भोकात अडकलं असेल तर तो ब्रॅकेटलाच पकडून बसतो. नाक पूर्ण बाहेर काढा, दोन्ही नट मागच्या आट्यांवर घ्या आणि नाकाच्या आजूबाजूला धातू ठेवू नका. जागाच नसेल तर जाड ॲक्रिलिकचं ब्रॅकेट कापा. तुमच्याकडे राउटर आहेच.

एक मात्र तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. बीएक्स म्हणजे एनपीएन (आउटपुट ग्राउंडला जोडणारा), नॉर्मली ओपन, म्हणजे समोर धातू नसताना सर्किट उघडं. याची वायर तुटली तर कंट्रोलरला काहीच कळत नाही, तो गँट्री पुढे नेतच राहतो. पुढच्या वेळी एएक्स, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड (धातू नसताना सर्किट जोडलेलं) घ्या. जीआरबीएलमध्ये (कंट्रोलरवरचं सॉफ्टवेअर) $५ या सेटिंगची किंमत उलटी केली की झालं. वायर तुटल्यावर तोच सेन्सर लिमिट लागल्यासारखा वागतो, आणि हार्ड लिमिट (लिमिट लागताच मशीन थांबवणारी सोय) $२१ या सेटिंगने चालू असेल तर मशीन जागीच थांबतं.