‘असुरक्षित’ कुटुंबं की ‘दारिद्र्यप्रवण’ कुटुंबं?

प्रश्न असा आहे : एका सर्वेक्षण अहवालाचं मराठीकरण चालू आहे. त्यात ‘हाउसहोल्ड व्हल्नरॅबिलिटी टू पॉव्हर्टी’ (ढोबळमानाने, कुटुंब पुढे दारिद्र्यात असण्याची शक्यता) ही संज्ञा पानोपानी येते. मसुद्यात तिच्यासाठी ‘दारिद्र्याची असुरक्षितता’ आणि ‘असुरक्षित कुटुंबे’ असे शब्द योजले आहेत. ते चालतील का? नसतील तर दुसरं काय वापरावं?

चालणार नाहीत. आकडा शक्यतेचा असेल तर तक्त्यात ‘दारिद्र्यप्रवणता’ लिहावं आणि वाक्यात ‘दारिद्र्यात घसरण्याची जोखीम’. पण सगळीकडे एकच शब्द सरसकट घालूनही भागणार नाही, कारण या एका इंग्रजी शब्दाआड निदान तीन वेगळी मोजमापं दडलेली असतात. त्यांच्याकडे वळण्याआधी ‘असुरक्षित’चं काय बिनसतं ते पाहू.

असुरक्षित म्हणजे ज्याला संरक्षण नाही ते. असुरक्षित इमारत, रात्री असुरक्षित वाटणारा रस्ता. शब्द आजच्या स्थितीबद्दल बोलतो आणि त्याला अंश नसतात. ‘०.२७ इतकं असुरक्षित’ असं कुणी म्हणत नाही. अहवालातला आकडा मात्र नेमका तसाच, शून्य आणि एक यांच्या मधला असतो. शिवाय षष्ठी घात करते. ‘दारिद्र्याची असुरक्षितता’ वाचलं की दारिद्र्यामुळे आलेली असुरक्षितता हाच अर्थ लागतो, म्हणजे कुटुंब गरीब होऊन चुकलं. सांगायचं असतं ते वेगळंच : कुटुंब आज दारिद्र्यरेषेच्या वर असेल किंवा खाली, पुढच्या वर्षी ते खाली असण्याची शक्यता किती?

‘दुर्बल’ आणि ‘वंचित’ हे शब्द आरक्षणाच्या आणि योजनांच्या भाषेत आधीच गुंतलेले आहेत, त्यांना हात लावू नये. ‘संवेदनशील’ म्हटलं की मतदान केंद्र आठवतं नाहीतर कवी. ‘भेद्य’ तटबंदीला शोभतो. ‘हे कुटुंब भेद्य आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्यालाही दुसऱ्यांदा वाचावं लागेल.

‘प्रवण’चं तसं नाही. मूळ संस्कृत अर्थ उताराचा, कललेला. मराठीत तो प्रशासनानेच रुळवला : अवर्षणप्रवण तालुका, पूरप्रवण गाव, दरडप्रवण वाडी, महामार्गावरच्या पाटीवरचं अपघातप्रवण क्षेत्र. या सगळ्यांत जे घडू शकतं ते आधी आणि ‘प्रवण’ नंतर येतं, आणि ते आज घडतंय असा दावा नसतो. अवर्षणप्रवण तालुक्यात एखाद्या वर्षी ओढे भरून वाहतात, तरी तालुका अवर्षणप्रवणच राहतो. आपल्याला हवा तो अर्थ हाच.

एक पथ्य मात्र पाळावं. माणसाला ‘प्रवण’ लावलं की स्वभावाचा वास येतो, ‘व्यसनप्रवण’ म्हटल्यावर येतो तसा. म्हणून ‘दारिद्र्यप्रवण माणूस’ किंवा ‘दारिद्र्यप्रवण जाती’ कदापि नको. ‘दारिद्र्यप्रवण कुटुंबे’ तक्त्याच्या मथळ्यात चालेल. परिच्छेदात ‘दारिद्र्यात घसरण्याची जोखीम असलेली कुटुंबे’ असं सैल लिहिलेलं बरं. लांब होतं, पण दोष कुटुंबाच्या माथी बसत नाही.

आता ती तीन मोजमापं.

पहिलं रेषेपासूनच्या अंतराचं. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय असंघटित क्षेत्र उद्योग आयोगाने २००७च्या अहवालात २००४-०५च्या खर्चाच्या आकडेवारीवरून लोकसंख्येचे गट पाडले. रेषेच्या पाऊणपटीपर्यंत खर्च असणारे अतिगरीब, तिथून रेषेपर्यंतचे गरीब, रेषेच्या सव्वापटीपर्यंतचे सीमान्त गरीब आणि सव्वापटीपासून दुपटीपर्यंतचे ‘व्हल्नरेबल’. या चारही गटांची बेरीज ७७ टक्के, म्हणजे ८३.६ कोटी. ‘देशातील ७७ टक्के जनता गरीब’ हे वाक्य तिथूनच पसरलं. प्रत्यक्षात रेषेखालचे दोन गट मिळून २२ टक्क्यांच्या आसपास होते आणि एकट्या ‘व्हल्नरेबल’ गटात ३६ टक्के लोक. या गटनावासाठी मराठीत सोपा शब्द आहे : ‘काठावरचे’. काठावर पास होणं प्रत्येकाला कळतं. आयोगाने इथे कुठलीही शक्यता काढलेली नाही, निव्वळ पट्टा आखला आहे. म्हणून इथे ‘जोखीम’ हा शब्द वापरणं म्हणजे मोजमापाला न पेलणारा दावा करणं.

दुसरं जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकातलं. तिथे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतल्या दहा निर्देशकांवर वंचिततेचे गुण मोजतात. ३३.३३ टक्के किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे गरीब, आणि २० ते ३३.३३ यांच्या मधले ‘व्हल्नरेबल’. हाही पट्टाच आहे, फक्त रुपयांऐवजी वंचिततेचा. इथे मी ‘दारिद्र्याच्या उंबरठ्यावरील’ असं म्हणेन. पहिल्यासाठी काठ आणि दुसऱ्यासाठी उंबरठा असं ठरवून टाकलं, की एकाच अहवालात दोन्ही आले तरी वाचक गोंधळत नाही.

तिसरं खरं शक्यतेचं. अहवालाचा मुख्य भाग बहुधा याच्यावर असणार, कारण कुटुंबांच्या एकाच फेरीच्या सर्वेक्षणावरून ते काढता येतं. शुभम चौधुरी, ज्योत्स्ना जलान आणि असेप सूर्याहादी या अर्थतज्ज्ञांनी २००२मध्ये इंडोनेशियाच्या १९९८च्या आकडेवारीवर ही रीत वापरली. आधी प्रत्येक कुटुंबाच्या दरडोई खर्चाचा लॉग (नैसर्गिक लॉगॅरिदम) घ्यायचा आणि कुटुंबाचा आकार, शिक्षण, जमीन, व्यवसाय अशा गोष्टींवर त्याचं रिग्रेशन करायचं, म्हणजे या गोष्टींवरून खर्चाचा अंदाज देणारं समीकरण बसवायचं. त्यातून अपेक्षित खर्च मिळतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जो फरक उरतो त्याचा वर्ग करून त्याचंही त्याच गोष्टींवर रिग्रेशन करायचं. त्यातून त्या कुटुंबाच्या खर्चातला चढउतार किती असावा हे कळतं. मग त्या चढउतारानुसार भार देऊन दोन्ही अंदाज पुन्हा काढायचे. शेवटी खर्चाचा लॉग प्रसामान्य वितरणाचा (सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेला) आहे असं धरून तो रेषेखाली जाण्याची संभाव्यता काढायची.

आकडे घालून पाहू. २०११-१२मध्ये तेंडुलकर समितीच्या पद्धतीने ग्रामीण महाराष्ट्राची रेषा दरडोई दरमहा ९६७ रुपये होती. एका घराचा अपेक्षित खर्च ११०० रुपये आणि लॉगमधलं प्रमाण विचलन (चढउताराचं माप) ०.१, म्हणजे बेताचं पण ठरलेलं उत्पन्न, शाळेतल्या शिपायाचं असावं तसं. दुसऱ्याचा अपेक्षित खर्च १४०० पण विचलन ०.६, कोरडवाहू कापूस, वर्ष लागलं तर लागलं. पहिल्या घरासाठी ९६७ भागिले ११०० याचा लॉग उणे ०.१२९, त्याला ०.१ने भागलं की उणे १.२९, आणि प्रसामान्य वितरणाच्या तक्त्यावरून शक्यता १० टक्के. दुसऱ्यासाठी उणे ०.३७० भागिले ०.६, म्हणजे उणे ०.६२, आणि शक्यता २७ टक्के. माणशी तीनशे रुपये जास्त खर्च करणारं घर जास्त जोखमीत निघालं. ‘काठावरचे’ आणि ‘दारिद्र्यप्रवण’ हे शब्द अदलाबदल करून का वापरू नयेत, ते या दोन घरांवरून दिसतं : काठाच्या जास्त जवळ पहिलं, घसरण्याची शक्यता दुसऱ्याची.

अहवालात कालावधी लिहिला आहे का हेही तपासा. वर्षाला २७ टक्के म्हणजे तीन वर्षांत निदान एकदा रेषेखाली जाण्याची शक्यता ६१ टक्के, अर्थात प्रत्येक वर्ष स्वतंत्र धरलं तर. लागोपाठचे दुष्काळ तसे स्वतंत्र नसतात. ‘जोखीम ६१ टक्के’ इतकंच लिहिलं आणि ‘तीन वर्षांत निदान एकदा’ गळालं, तर वाक्य खोटं होतं. तीन वर्षांत निम्मी शक्यता ही सीमा धरायची असेल तर वर्षाची सीमा सुमारे ०.२१ येते. हा आकडा तळटीपेत भेटला तर तो छपाईचा घोळ समजू नका.

‘५० टक्क्यांहून अधिक जोखीम’ ही सीमा मात्र फसवी आहे. वरच्या सूत्रात शक्यता निम्म्याहून जास्त तेव्हाच होते जेव्हा अपेक्षित खर्चच रेषेखाली असतो. म्हणजे अपेक्षेने रेषेच्या वर असलेलं एकही घर त्या यादीत येत नाही, मग चढउतार कितीही असो. त्याहून विचित्र म्हणजे, अपेक्षित खर्च ८०० असलेल्या घराचं विचलन ०.१ असेल तर शक्यता ९७ टक्के, आणि ०.६ केलं तर ६२. अनिश्चितता वाढली आणि ‘जोखीम’ घटली! हा अनुवादकाचा दोष नाही, सूत्राचा आहे. ईथन लिगॉन आणि लॉरा शेक्टर या अर्थतज्ज्ञांनी २००३मध्ये शक्यतेऐवजी समाधानातली घट मोजण्याचा मार्ग सुचवला तो अशाच अडचणींमुळे. त्यांच्या मापासाठी ‘दारिद्र्यप्रवणता’ लावू नये. ‘कल्याणातील अपेक्षित घट’ म्हणावं.

शब्दांच्या बारीक जोड्या आता झरझर. ‘शक्यता’ बोलण्यातली, ‘संभाव्यता’ गणितातली, तक्त्यात दुसरी. ‘धोका’ बाहेर असतो (पूर, आजारपण, भाव पडणे), ‘जोखीम’ कुटुंबाची असते. ‘दुष्काळाची जोखीम’ म्हटलं तर चालून जातं, पण ‘दुष्काळाचा धोका, दारिद्र्याची जोखीम’ हे नेटकं. ‘जोखीम’ला प्रत्यय लावताना मधला ईकार जातो : जोखमीचा, जोखमीत, मसुद्यातलं ‘जोखीमेचा’ दुरुस्त करावं. ‘शॉक’साठी ‘धक्का’ नको, ‘आघात’ चालेल, आणि सगळ्यात मराठी शब्द ‘फटका’. अवकाळीचा फटका बसतो, धक्का बसत नाही.

फटक्याचे दोन प्रकार अहवालात वेगळे केले असतील : एका घराला बसणारा आणि सगळ्या गावाला बसणारा. ‘वैयक्तिक’ आणि ‘सामूहिक’ हे शब्द इथे लटके पडतात. ‘घरापुरता’ आणि ‘गावभर’ लिहिलं तरी पुरेल. फरक महत्त्वाचा आहे. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५पासून सोलापूर, अकोला आणि महबूबनगर जिल्ह्यांतल्या गावांत तीच ती कुटुंबं वर्षानुवर्षं नोंदवली. त्यांतल्या शिरापूर, कानझरा आणि औरेपल्ली या तीन गावांच्या नोंदींवरून अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४मध्ये दाखवलं, की घराचा खर्च गावाच्या सरासरीबरोबर हलतो, स्वतःच्या आजारपणाने किंवा बेकारीने त्यामानाने कमी. घरापुरता फटका उसनवारीने, नात्यागोत्याने बराच झेलला जातो. गावभर फटका बसला की उसनं देणाराही उसनं मागायला निघतो. तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हा आधार इतरांपेक्षा कमी असल्याचंही दिसलं. एका वर्षाच्या सर्वेक्षणात गावभर फटका दिसतच नाही, कारण त्या वर्षी तो सगळ्यांना सारखाच बसलेला असतो किंवा कुणालाच नसतो. म्हणून एकाच फेरीतून काढलेल्या आकड्यापुढे ‘अंदाजित’ हा शब्द ठेवाच. मूळ लेखकांनी तो वगळला असेल तरी.

दवाखान्याच्या खर्चाकडेही लक्ष द्या. आजारपणात खर्च वाढतो आणि कागदावर कुटुंब सुस्थितीत दिसतं, बैल विकून बिल भरलेलं असलं तरी. अहवालात वैद्यकीय खर्च वजा करून रेषेशी तुलना केली असेल तर तिथलं क्रियापद बदलतं. घर हळूहळू ‘घसरतं’. दवाखान्याच्या बिलाने ते दारिद्र्यात ‘ढकललं जातं’. मूळ इंग्रजीतही ही दोन क्रियापदं वेगळी असतात आणि मसुद्यात दोन्हींना ‘जाते’ केलंय.

राहिलं ‘हाउसहोल्ड’. ‘कुटुंब’ला पर्याय नाही, पण व्याख्येच्या परिच्छेदात एक वाक्य जोडा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात हाउसहोल्ड म्हणजे सहसा एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. मराठीत यासाठी हिशेबाचं एककच आहे : चूल. भाऊ एकाच वाड्यात राहतात पण चुली वेगळ्या, तर कुटुंबं दोन. सातबारा सामाईक असला तरी दोनच. याचा थेट परिणाम आकड्यावर होतो, कारण चूल वेगळी झाली की दरडोई खर्च बदलतो आणि फटका झेलणारे हात कमी होतात. ऊसतोडीला गेलेलं जोडपं कारखान्यावरच्या कोपीत चूल मांडतं आणि म्हातारी गावात वेगळं शिजवते. गणना कुठल्या महिन्यात झाली यावर ते घर एक की दोन हे ठरतं, आणि घेतलेली उचल त्या महिन्यात खर्च म्हणून दिसते की कर्ज म्हणून, हेही.

मसुद्यातल्या दोन वाक्यांची दुरुस्ती देतो. ‘४५ टक्के लोक दारिद्र्यास असुरक्षित आहेत’ हे वाक्य इंडोनेशियाच्याच अभ्यासावरून आलं आहे. तिथे त्या वेळी प्रत्यक्ष गरीब २२ टक्के होते. ते असं करावं : ‘४५ टक्के लोकांच्या बाबतीत दारिद्र्यात असण्याची अंदाजित संभाव्यता अभ्यासात ठरवलेल्या सीमेपेक्षा अधिक होती.’ ‘४५ टक्के लोक गरीब होणार’ असं ते कुणी वाचू नये. दुसरं, ‘कुटुंबाची असुरक्षितता ४० टक्के’ आणि ‘४० टक्के कुटुंबे असुरक्षित’ ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर एकाच अर्थाने आली आहेत. पहिल्यात एका घराची जोखीम आहे, दुसऱ्यात जोखमीतल्या घरांचं प्रमाण. तक्त्याचा स्तंभ ज्याचा असेल ते ठेवा आणि दुसरं खोडा.