आइसलँडच्या सार्वजनिक गरम तलावात उतरण्यापूर्वी खरोखरच कपडे काढून आंघोळ करावी लागते का?

होय, पोहण्याचा पोशाख न घालता साबणाने आंघोळ करणे तेथे बंधनकारक आहे, मात्र स्नानगृहे स्त्री-पुरुषांसाठी वेगळी असतात. रेक्याविकच्या मुक्कामात मी हे अनुभवले. डोके, काखा, जांघा आणि पावले रंगवून दाखवलेली मानवी आकृती तेथे भिंतीवरच लावलेली होती. पाण्यात क्लोरीन कमी घालायचे, म्हणून अंग आधी स्वच्छ हवे, हे त्यामागचे कारण आहे. उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर लुगड्यानिशी स्नान करणाऱ्या आपल्या यवतमाळकडच्या मंडळींना हे जडच जाणार. संकोच वाटत असल्यास आडोशाची न्हाणी आहे का, हे प्रवेशद्वारापाशीच विचारावे. ती बऱ्याच तलावांवर असते, सर्वत्र नसते. आंघोळीतून सूट मात्र तिथेही मिळत नाही.